साथीदाराची पहिली तबकडी

लोंढ्याहून बेळगावच्या दिशेने निघाले की पहिले स्टेशन गुंजी. खानापूर तालुक्यातले हे मराठी गाव, माउली देवीचे. दोन्ही अंगांना रान, मधे भाताची खाचरे, पावसाळ्यात फलाट ओला आणि माणसेही ओली. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, शिट्टी देऊन निघून जातात. संगीताच्या इतिहासात गुंजीचे नाव येत नाही आणि यावे असा माझा आग्रहही नाही. पण गावाच्या अंगावरून जाणारा हा लोहमार्ग मात्र त्या इतिहासात यायला हवा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावचे बंदर घाट चढून ब्रिटिश मुलखाला जोडले गेले. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू होईपर्यंत गोव्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर एक तर आगबोट, नाहीतर मोटार, नाहीतर ही गाडी: कुडचडे, कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, गुंजी, खानापूर, बेळगाव, मिरज, पुणे आणि मग मुंबई. गोव्यातून बाहेर पडलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेत चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे कागदावरून स्वर वाचणे, शिकलेली पोरे, हातात व्हायोलिन किंवा ट्रंपेटची पेटी. दुसऱ्या रांगेत देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत घराण्यांतल्या बाया, सोबत तंबोरा, एखादा सारंगिया आणि मांडीवर मूल. पहिली रांग मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. दुसरी रांग कोल्हापूर, सांगली, बेळगाव अशी थांबत थांबत, उस्ताद शोधत मुंबईला पोचली. एकाच मुलखातून निघालेल्या या दोन रांगा एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत.

पहिल्या रांगेतल्या माणसांनी मुंबईला जॅझ दिला. १९३५ साली लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ आणखी आले, आणि गोव्याच्या वादकांनी ती भाषा कानाने उचलली. हळदोण्याचा आंतोनियु वाझ 'चिक चॉकलेट' झाला, ट्रंपेट तर त्याने असा वाजवला की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड १९४६ साली मसुरीत गांधीजींना भेटले आणि आपल्या जॅझमध्ये या मातीचे काहीतरी असावे हे त्यांच्या मनाने घेतले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली झेवियर कॉलेजच्या अंगणात मोठा वाद्यवृंद बसवून राग आणि सिंफनी यांची गाठ घालून पाहिली. १९७० साली सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी 'रागा रॉक' काढले. प्रयत्न सच्चे होते, पण जवळजवळ प्रत्येक वेळी सूर आधी लिहून काढावा लागे. राग कागदावर उतरवायचा आणि मग वाजवायचा. ज्याच्या घरात राग कागदावाचून वावरतो असा माणूस पलीकडून, दुसऱ्या रांगेतून यावा लागणार होता.

तो आला, त्रिलोक गुर्टू. त्याच्या पहिल्या तबकडीचे नाव 'उस्फ्रेत', साल १९८८, कंपनी जर्मनीची सीएमपी, आणि तबकडीवरच्या पहिल्या रचनेचे नाव 'शोभारॉक'. शोभा ही त्याची आई. तिचा जन्म बेळगावचा.

*

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद स्वीकारलेले हे एकमेव अधिवेशन. त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा-बारा वर्षांची गंगूबाई हनगल होती. अधिवेशनाचे मांडव उतरून दीड महिनाही झाला नसेल, तोच ८ फेब्रुवारी १९२५ रोजी त्याच गावात भानुमती शिरोडकर जन्माला आली. तेव्हाचे बेळगाव मुंबई इलाख्यात होते. बाजारात मराठी आणि कानडी, छावणीत इंग्रजी, उस्तादांच्या तोंडी उर्दू. नाटक कंपन्यांचे ते हक्काचे मुक्कामाचे गाव. शेजारच्या सुळेभावीत आदल्याच वर्षी शिवपुत्र कोमकली जन्मला होता. त्याला पुढे आपण कुमार गंधर्व म्हणू लागलो. सीमावादाच्या चष्म्यातून बेळगावकडे पाहायची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की हे गाव कधी काळी चार भाषांत गाणे ऐकत होते हे मुद्दाम आठवावे लागते.

भानुमतीची आई मेनकाबाई शिरोडकर पेशाने नर्तकी आणि गाण्यात उस्ताद अल्लादिया खाँ यांची शागीर्द. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारचे गायक. जयपूर-अत्रौली घराण्याची ती अवघड, वळणावळणाची गायकी त्यांनी दक्षिण महाराष्ट्रात रुजवली आणि ती जिवंत ठेवली ती मुख्यतः गोव्यातून आलेल्या बायांनी: केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. या घरांत विद्या बापाकडून मुलाला जात नसे. ती आईकडून मुलीला जाई. उस्तादाची तालीम आई घेई, ती आईच्या घशातून मुलीच्या कानात उतरे, आणि मग कधीतरी मुलीलाही उस्तादापुढे बसवले जाई. भानुमतीला असेच बसवले. कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांनी तिला शिकवायला घेतले. पुढे त्याच घराण्यातले नत्थन खाँ गुरू लाभले. मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवण्यासाठी घम्मन खाँ मुंबईत घरी येऊन राहिले, तेव्हा त्यांचा शब्दांशी खेळणारा, मुरकीने काळीज चिरणारा ढंग मुलीने उचलला. ख्याल घराण्याने दिला, ठुमरी तिने स्वतः मागून घेतली.

लग्न झाले ते विश्वनाथ गुर्टूंशी. सासरे पंडित नारायण नाथ गुर्टू बेळगावच्या पोलीस खात्यात मोठे अधिकारी आणि घरी सतारवादक, संगीताचे जाणकार. त्या काळी व्यावसायिक गाणाऱ्या आईच्या मुलीला पांढरपेशा घरात देणे-घेणे ही साधी गोष्ट नव्हती. आणि दिलीच तर सासरी पाऊल ठेवताना गाणे उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचे असा अलिखित करार असे. इथे उलटे झाले. सुनेचे गाणे थांबले नाही. भानुमती शिरोडकर शोभा गुर्टू झाल्या आणि पुढच्या चार दशकांत ठुमरी म्हटले की बनारस-लखनौच्या जोडीने लोक हे नाव घेऊ लागले. मराठी माणसाला त्यांचा आवाज गझलांतून ठाऊक आहे, 'सामना' चित्रपटातून ठाऊक आहे. हिंदी प्रेक्षकाला 'पाकीजा' आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की'मधून. १९८७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मुलाची तबकडी निघण्याच्या अवघे एक वर्ष आधी.

*

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ चा, मुंबईचा. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को. तबला आईच्या आग्रहाने. याच वर्षी मार्चमध्ये जवळच माहीमला झाकीर हुसेन जन्मले होते आणि तेही मिशनऱ्यांच्याच शाळेत, सेंट मायकेलमध्ये गेले. एका शहरातली, एका वयाची, घरी तबला आणि शाळेत इंग्रजी अशी दोन मुले पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या शेजारी बसली, हा योगायोग गमतीचा आहे. पण मला त्यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. झाकीर तबलजीचे चिरंजीव. अल्लारखाँच्या घरी तबला हेच गाणे होते. कायदा, रेला, गत, परण या तबल्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर ते वाढले. त्रिलोक गाणाऱ्या बाईचे चिरंजीव. त्यांच्या घरी तबला होता तो गाण्यासाठी. आई श्वास कुठे घेते, शब्द कुठे लांबवते, सम आली तरी मुद्दाम कुठे सोडून देते, हे ज्याला कळत नाही त्याने डग्ग्याला हात लावू नये असे ते घर.

ठुमरीत साथीदाराचे आयुष्य कसे असते ते ज्याने जवळून पाहिले नाही त्याच्यासाठी थोडे सांगतो. गाणारी बाई दीपचंदीत किंवा जतात एक ओळ घेऊन बसते. दीपचंदी चौदा मात्रांची: तीन, चार, तीन, चार. लय ठाय, ठेका साधा. तबलजीने तो ठेका धरून ठेवायचा, बस. वीस-वीस मिनिटे ती बाई त्या एका ओळीचे दहा अर्थ काढते आणि हा मागे पाण्यासारखा वाहत राहतो. मिजास दाखवायची नाही. मग एखाद्या क्षणी, अंतरा संपवून मुखड्यावर येता येता ती नजर फिरवते. ती नजर म्हणजे परवाना. ठेका मोडतो, केहरव्याची दुगण सुरू होते, तबला उधळतो. याला लग्गी म्हणतात. आता ओळ बाईने धरून ठेवायची आणि बोलायचे तबल्याने. दोन-तीन मिनिटांची ही सत्ता. मग एक तिहाई, सम, आणि पुन्हा निमूट ठेका.

जॅझच्या बैठकीत याच्या फार जवळचे काहीतरी चालते. ड्रमवाला रात्रभर मागे बसून बाकीच्यांना चालवत असतो आणि मधेच चार-चार मापांची देवाणघेवाण होते: चार सॅक्सोफोनची, चार ड्रमची. त्याच्या वाट्याचे बोलणे तेवढेच. जो मुलगा आईच्या बैठकीत लग्गीची नजर ओळखायला शिकला त्याला हे परके कसे वाटावे? मोजमापाचेही तेच. १९५९ मध्ये डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने पाच मात्रांची 'टेक फाइव्ह' काढली तेव्हा जॅझच्या जगात केवढा गवगवा झाला. मुंबईत गुर्टूंच्या घरी सात, दहा, चौदा मात्रा रोज चहाबरोबर येत होत्या.

पाश्चात्त्य संगीत या मुलाच्या कानावर तबकड्यांवरून पडले आणि त्यातून एक फसवणूक झाली. १९९५ साली जिमी हेंड्रिक्सवरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्रिलोक यांनी ती स्वतः सांगितली आहे. ध्वनिमुद्रणात एकावर एक थर चढवता येतात, एकाच वादकाचे तीनदा वाजवलेले एकत्र ऐकवता येते, हे त्यांना माहीत नव्हते. जे ऐकू येते ते एका माणसाने एका दमात वाजवलेले असणार असे धरून ते सगळे भाग एकदमच बसवत राहिले. कोणी शहाण्याने वेळीच खरे सांगितले असते तर आपण एका अचाट वादकाला मुकलो असतो.

सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले आणि पुढे हॅम्बुर्गकर झाले. तिथे चार्ली मारियानो, तेर्ये रिपदाल, डॉन चेरी अशा माणसांबरोबर वाजवले. १९७७ च्या सुमारास म्युनिकच्या 'एम्ब्रियो' या बँडच्या 'अपो-कॅलिप्सो' तबकडीवर ते आहेत आणि त्यांच्याबरोबर आईचा आवाजही आहे. बावन्न वर्षांची ठुमरी गायिका, जर्मन रॉक बँड आणि पंचविशीतला मुलगा. तेव्हा दोघेही पाहुणे होते. यजमान व्हायला आणखी अकरा वर्षे जायची होती.

*

दार उघडले ते एका मृत्यूने. अमेरिकेच्या 'ओरेगॉन' या चौकडीत कॉलिन वॉलकॉट नावाचा माणूस होता. सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना मॅग्डेबर्गजवळ अपघातात तो गेला. जॅझमध्ये तबला घेऊन बसणाऱ्या अमेरिकन माणसाची जागा मग मुंबईच्या मुलाने घेतली. १९८७ च्या 'इकोटोपिया'वर ओरेगॉनमध्ये त्रिलोक गुर्टू आहेत. वॉलकॉट आणि डॉन चेरी हे 'कोडोना' या तिकडीतले सोबती होते, आणि ओरेगॉनमध्ये त्याचा सोबती होता गिटारवादक राल्फ टाउनर. मेलेल्या मित्राच्या जागी आलेल्या माणसाच्या पहिल्या तबकडीत चेरी आणि टाउनर दोघेही येऊन वाजवतात, तेव्हा त्यामागे नुसते व्यावसायिक निमंत्रण नसते.

'उस्फ्रेत'च्या मेळ्यातली माणसे अशी: ट्रंपेटवर डॉन चेरी, गिटार आणि कीबोर्डवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, पियानो-कीबोर्डवर फ्रान्सचा दानिएल गोयोन, बासवर स्वीडनचा योनास हेलबोर्ग, गायन शोभा गुर्टू. ड्रम, तबला आणि बाकीची सगळी ठोकाठोक त्रिलोक यांची. सहा रचना. कंपनी लहानशी. तिचा स्टुडिओ पश्चिम जर्मनीत आइफेलच्या डोंगरात, त्सेर्काल नावाच्या खेड्यात. त्या खेड्याची ख्याती होती ती कागदाच्या गिरणीसाठी. तिथेही एक चिमुकले रेल्वे स्टेशन आहे. नकाशा पाहताना मला उगीचच गुंजी आठवले.

'उस्फ्रेत' हा शब्द मराठी कानाला 'उत्स्फूर्त'च्या शेजारी राहणारा वाटतो. जर्मन छापखान्यातून गेल्यावर उत्स्फूर्ताचे एवढे तरी उरणारच, असे म्हणून मी तो तसाच ऐकतो.

या यादीतली माणसे जराशी वेगळी करून पाहिली की मजा येते. डॉन चेरी हे १९५९ साली ऑर्नेट कोलमनबरोबर जॅझची चौकट मोडून बाहेर पडलेले, खिशात मावेल एवढा ट्रंपेट घेऊन आफ्रिका, तुर्कस्तान, हिंदुस्थान असे भटकणारे गृहस्थ. एल. शंकर मॅक्लॉफ्लिनच्या 'शक्ती' या मेळ्याचे, म्हणजे कर्नाटक पद्धतीच्या हिशेबात मुरलेले. टाउनर पाश्चात्त्य अभिजात गिटारच्या तालमीतले. हेलबोर्ग मॅक्लॉफ्लिनचे साथीदार. यातल्या कोणालाही दीपचंदी समजावून सांगायला बसले तर दिवस जावा. त्रिलोक यांनी समजावण्याऐवजी दुसरे केले. प्रत्येकाची चाल ओळखून त्याच्या पायाखाली त्याच्या चालीचा रस्ता घातला. चेरींच्या लांब, तुटक सुरांखाली मोकळी जागा, शंकरांच्या गमकांखाली गच्च हिशेब, आणि आई आली की मागे सरणे. हे बँडलीडरचे काम आहे खरे, पण शिकलेले साथीत आहे.

बँडलीडर हा शब्दही आमच्याकडे जरा हसूच आणतो. बेळगाव-खानापूरच्या वरातीत पुढे क्लॅरिनेट वाजवणारा बँडमास्तर असतो. ढोल-ताशेवाले मागे. ढोलवाला मास्तर झाला असे कोणी ऐकले आहे? मैफलीच्या जाहिरातीतही गायकाचे नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरांत 'साथ : तबला'. अमेरिकेतही फार निराळे नव्हते. चिक वेब, आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच यांनी ड्रममागे बसून बँड चालवले, अठरा वर्षांच्या टोनी विल्यम्सने १९६४ मध्ये स्वतःच्या नावाने तबकडी ध्वनिमुद्रित केली, पण हे अपवाद म्हणूनच सांगितले जातात. हिंदुस्थानी तबल्याच्या बाजूने पाहिले तर 'उस्फ्रेत'च्या एकच वर्ष आधी झाकीर हुसेन यांची 'मेकिंग म्युझिक' आली होती. तिथेही ठळक नाव तबलजीचे. १९५१ साली जन्मलेल्या या दोन मुंबईकरांनी वर्षभराच्या अंतराने बारीक अक्षरे मोठी केली.

*

त्या सुमारास त्रिलोक ज्या तऱ्हेने वाजवत ती पाहिली की लोक आधी चक्रावत. ड्रमसेटचा नेहमीचा थाट असा: माणूस स्टुलावर, उजव्या पायाखाली पेडल, पेडल मोठ्या बास ड्रमला ठोकणार. त्रिलोक स्टूल सोडून जमिनीवर गुडघे टेकून बसत. बाजूला तबला, पुढे ड्रम आणि झांजा, घुंगरू, शिंपल्यांच्या माळा, घंटा, आणि एक पाण्याची बादली. बादली पाहून प्रेक्षक हसत. मग ते वाजती घंटा किंवा थाळी पाण्यात बुडवत आणि हसणे थांबे, कारण सूर लवे. धातू पाण्यात उतरला की त्याचा स्वर घसरत खाली येतो.

ही करामत म्हणून पाहिली जाते. मला त्यात तबलजीचा डावा हात दिसतो. डग्ग्यावर तळव्याचा दाब देऊन घुमारा वर-खाली करता येतो. तबल्याची मींड तीच, आणि ठुमरीच्या साथीत तीच गाणाऱ्याशी बोलते. पाश्चात्त्य ड्रमवर हे सहसा होत नाही. काठी पडली, आवाज झाला, संपला. आईच्या मुरकीला उत्तर द्यायची सवय लागलेल्या हाताला तेवढ्यावर समाधान कसे होणार? मग धातूकडून मींड काढायची तर त्याला पाणी पाजावे लागते. गुडघे टेकून बसणेही तसेच. भारतीय बैठक आणि पाश्चात्त्य ड्रम यांच्यात अर्धे अर्धे करून घेतलेली ती तडजोड नव्हे. तबला जमिनीवर आहे म्हणून ड्रम जमिनीवर उतरला, तबला उठून ड्रमकडे गेला नाही.

आता 'फ्यूजन' या शब्दाविषयी. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये काही तबकडी कंपन्यांची माणसे जमली आणि दुकानातल्या कप्प्यावर काय पाटी लावावी यावर विचार करून 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव ठरवून उठली. 'उस्फ्रेत' आली तेव्हा ती पाटी अगदी ओली होती. मग ती तबकडीही त्याच कप्प्यात गेली: पूर्व आणि पश्चिम यांचा संगम वगैरे. या वर्णनात एक खोट आहे. त्यात आई कुठे बसवायची ते कळत नाही. ती पूर्वेची प्रतिनिधी म्हणून आलेली नाही. ज्याने तबकडी काढली त्याची ती पहिली बैठक आहे. मेनकाबाईंपासून मोजले तर ही तिसरी पिढी, आणि विद्या अजून आईच्याच बाजूने येते आहे. फरक इतकाच की या वेळी घेणारा मुलगा आहे आणि त्याचे वाद्य स्वीडनचा बास नि ओक्लाहोमाचा ट्रंपेट यांच्यात ठेवलेले आहे. 'शोभारॉक' या नावाची मला गंमत वाटते ती यामुळे. कलावंत घरांत मूल आईच्या नावाने ओळखले जाई. समाजाने ती ओळख दोष म्हणून वापरली. इथे छत्तीस वर्षांचा जॅझ ड्रमवाला आपल्या पहिल्या तबकडीच्या पहिल्या रचनेवर तीच ओळख छातीवर बिल्ला लावावा तशी लावतो, आणि शेपटाला 'रॉक' जोडून तिची थट्टाही करतो. आईची थट्टा करण्याचा अधिकार मुलाशिवाय कुणाला?

शुद्धतावाद्यांनी नाक मुरडले असणार हे सांगायला नको. जयपूर घराण्याचे शिक्षण, ठुमरीचा मान, अकादमीचा पुरस्कार, आणि गाते कशावर तर इलेक्ट्रिक बासवर! पण शोभाताईंच्या बाजूने पाहा. ख्यालाच्या घरातून ठुमरीकडे जाणे हेही एकेकाळी उतरणेच मानले गेले होते. नर्तकीच्या मुलीने पोलीस अधिकाऱ्याच्या घरात जाऊन गात राहणे, सिनेमात गाणे, हे सगळे करून झालेल्या बाईला त्रेसष्टाव्या वर्षी मुलाच्या ड्रमवर गाताना संकोच का वाटावा? शिवाय साथ तर ओळखीचीच होती.

*

पुढचे भरभर सांगतो. त्याच काळात मॅक्लॉफ्लिन यांच्या तिकडीत त्रिलोक स्थिरावले. २७ नोव्हेंबर १९८९ ची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली मैफल तबकडीवर आहे. त्यात गिटार आणि ड्रम यांच्यात बोलांची जी चढाओढ होते ती ज्याला लग्गीचा नाद आहे त्याने जरूर ऐकावी. १९९१ मध्ये 'लिव्हिंग मॅजिक', १९९३ मध्ये 'क्रेझी सेंट्स'. या दुसरीत पॅट मेथेनी आणि जो झाविनुल आहेत, आणि आई पुन्हा आहे. डॉन चेरी १९९५ च्या ऑक्टोबरात स्पेनमध्ये गेले. त्यानंतर 'द ग्लिम्प्स' त्रिलोक यांनी त्यांना अर्पण केली, आणि २०१३ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये ट्रंपेटवाल्यांनाच सलाम केला. मधल्या काळात लंडनमधल्या आशियाई घरांत वाढलेली पोरे तबला आणि संगणक एकत्र करू लागली. तलविन सिंग यांना १९९९ साली मर्क्युरी पारितोषिक मिळाले. 'उस्फ्रेत' या पिढीच्या कानांवरून गेली होती असे जाणकार सांगतात, आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकले की ते पटते.

शोभा गुर्टूंना २००२ साली पद्मभूषण मिळाले. २७ सप्टेंबर २००४ रोजी त्या मुंबईत गेल्या. बेळगावच्या घरांतून अजून त्यांची ठुमरी ऐकू येते. 'उस्फ्रेत' मात्र आमच्या भागात फारशा कुणाच्या घरी निघायची नाही. ती एकेकाळी फक्त परदेशातून कुणी आणली तर यायची. आता ती फोनवर मिळते.

हाती लागली तर वादकांच्या यादीकडे बघावे. वेष्टनावर ठळक नाव त्रिलोक गुर्टू. खाली बारीक अक्षरांत साथीदार: ट्रंपेट, गिटार, व्हायोलिन, पियानो, बास. आणि त्यांच्याच रांगेत, त्याच आकारात, गायन : शोभा गुर्टू. आयुष्यभर ज्यांच्या नावाखाली तबलजीचे नाव बारीक अक्षरांत छापले गेले, त्या बाई इथे आपल्या तबलजीच्या साथीला बसल्या आहेत.